नीट धर, नीट धर

मी घाटनांदूरच्या अलीकडच्या एका गावचा, ताई. गावाचं नाव लिहू नका, कारण मी ज्यांच्याबद्दल बोलणार हाय ते समदे अजून तिथंच राहत्यात आन् रोज सकाळी डेरीवर किटली घेऊन मपल्यासमोरच उभे असत्यात. आमी लिंगायत वाणी. बापाचं किराणा दुकान, आज्याचं बी दुकानच, गूळ, तेल, काडीपेटी, शेंगदाणे, आन् बापाची लई इच्छा की मी बी तराजूमागं बसावं, पण मपला पिंडच बसायचा न्हाई, एका जागी अर्धा घंटा बसवलं की डोकं भणभणायला लागतं. गावात सहकारी दूध संस्था निघाली तवा मी संस्थेच्या टेंपोवर ड्रायव्हर म्हणून लागलो आन् दुकान धाकट्या भावाकडं गेलं. बाप म्हणला, वाण्याचं पोरगं असून दुसऱ्याची गाडी हाकतंय. म्हणलं हाकू द्या, गाडी पुढं तरी जाती, तराजू जागच्या जागीच वर-खाली करतो.

टेंपोचं काम म्हंजी काय सांगू तुमाला, दुधाला आयतवार नसतो, दिवाळी नसती, पाव्हण्याचं लगीन नसतं. तांबडं फुटायच्या आधी वस्त्या-वस्त्यांवरून कॅन गोळा करायचे, अंबाजोगाईला शीतकरण केंद्रावर नेऊन टाकायचे, रिकामे कॅन घेऊन माघारी यायचं, की लगीच सांजची पाळी. म्हणून मपली पोरगी मला दिसायची ती निजलेली, न्हाईतर जेवताना. आन् आमच्या घरात समदी लढाई जेवतानाच व्हायची.

बायको शारदा, वडवणीकडची. तिचे वडील वडवणीच्या बाजाराला कापडाचं दुकान मांडायचे. शांत बाई, एक शबुद काढायचा तर आधी धा वेळा इचार करणार, आन् मी हा असा, इचार मागून येणार. आमाला पहिली पोरगी झाली, गिरिजा. गोरीपान, टपोऱ्या डोळ्याची. पोरगी झाली म्हणून आमच्या मायनं तोंड वाकडं केलं न्हाई, हे बी लिहा, तिनं पेढेच वाटले. तोंड वाकडं झालं ते पुढं.

आमच्यात लेकरू जन्मलं की थोड्या दिवसांत स्वामी येत्यात आन् लेकराच्या गळ्यात लिंग बांधत्यात, कापडात गुंडाळून, दोऱ्यात ओवून. गिरिजाला दोरा सोसला न्हाई. मानेला लागला की रडायची, रडून रडून मान लाल, आन् हातात जोर आला तशी ओढून तोडायलाच लागली. मायनं दोरा दुपदरी केला, मग तिपदरी केला. पोरगी ओढती म्हणून दोरा जाड, आन् दोरा जाड म्हणून पोरगी अजून ओढती, हे वरीसभर चाललं. शेजारची एक म्हातारी म्हणली, देवाला गळ्यात राहू देईना, हिच्यात काहीतरी बाहेरचं हाय. झालं, माय शारदेच्या मागं लागली, पोटुशी असताना कुठं गेलतीस, कुणाच्या सावलीत बसलीस. शारदा खाली मान घालून भाकऱ्या थापायची.

शेवटी मीच स्वामींकडं गेलो. स्वामी म्हातारे, लई समजूतदार. म्हणले, लिंग देवघरात ठेवा, रोज तिच्या कपाळाला लावा, देव लेकरावर रागवत नसतो, पण लेकराला टोचतंय कशामुळं ते बघा. आता बघा, स्वामींनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली समद्यांनी ऐकली, देव रागवत न्हाई, सुटलो. दुसरी कुणाच्या कानातच शिरली न्हाई. म्हाताऱ्या माणसानं तवाच नेमकं बोट ठेवलं व्हतं, आन् आमी दोरा देवघरात ठेवून मोकळे झालो.

नुस्ता दोराच न्हाई ना. आंघोळीआधी तेल लावायला घेतलं की असा आकांत की शेजारी इचारायला यायचे. फ्रॉकची शिवण टोचायची, मानंमागची पट्टी टोचायची. शारदा मग समदे फ्रॉक उलटे घालायची, शिवण बाहेर, आन् बाया हसायच्या की कापडवाल्याच्या लेकीला फ्रॉकची उलटी-सुलटी बाजू कळंना. वेणी घालायची म्हंजी दोघींनी धरायचं आन् एकीनं घालायची. वरण-भात हाताला लागला की ओकारी, म्हणून सुकी भाकरी आन् शेंगदाण्याची चटणी, बारा महिने त्येच. चालायला उशिरा लागली, ती बी सपाट अंगणात पडायची, दाराच्या चौकटीला रोज खांदा आपटायची, चौकट काय नवी व्हती का. दोन्ही पाय उचलून उडी मारता येईना. बटन लावता येईना. फुगडी खेळताना हिचाच हात सुटायचा आन् समोरची पोरगी पाठीवर पडायची, मग पोरी तिला खेळात घेईनात. ती लिंबाखाली एकटीच बसायची, दुधाच्या दोन रिकाम्या कॅनच्या मधी, अंग चेपून. मी इचारायचो कावून बसलीस गं तिथं, तर म्हणायची, बरं वाटतंय.

आन् तोंड? तोंड असं तेज की बोलायची सोय न्हाई. कधीमधी गाडीत संग घेतली तर कुठल्या वस्तीवर कुणाची म्हैस आटली, कोणाच्या दुधात पाणी असतं, समदं सांगणार. हेच नडलं, ताई. बोलण्यात मागं असती तर कुणीतरी लवकर बघितलं असतं. जीभ तेज आन् हात जड, असं बी लेकरू असतं हे कुणाला माहीत? समदे म्हणायचे, हिला समदं येतंय, करायचं नसतं. आळशी हाय, हट्टी हाय, लाडावलीय.

मी दाखवलं न्हाई व्हय? दाखवलं. अंगणवाडीत तिचं वजन केलं, तिथल्या बाई म्हणल्या वजन चांगलं हाय. म्हणलं बाई, वजनाचं न्हाई इचारत, घास तोंडापातूर जाईस्तोवर निम्मा मांडीवर पडतो त्याचं इचारतो. म्हणल्या मोठी झाली की शिकंल. एका खाजगी डॉक्टरकडं नेली, त्यानं हाडाचा फोटो काढला, म्हणला हाडं एक नंबर, आन् ताकदीची बाटली दिली. ती बाटली बी तिच्या घशाखाली उतरंना. मायनं अंगारा आणला, अंगात येणारा देवर्षी झाला, लिंबू-मिरची झाली. शाळेत घातली तर तिथं गुरुजी. माणूस वाईट न्हाई, पण उचलली जीभ लावली टाळ्याला. पोरगी पेन्शिल अशी गच्च धरायची की टोक मोडायचं, वही फाटायची, एक ओळ लिहिली की हात दुखतो म्हणायची, बसल्या जागी बाकावरून घसरायची. गुरुजी समद्या वर्गात म्हणायचे, नाचता येईना अंगण वाकडं. पोरं तिला वाकडं अंगण म्हणूनच हाका मारायला लागली. तोंडी पाढे घडाघडा, लेखीत भोपळा. मला बोलावून घेतलं आन् म्हणले, घरचे लाड कमी करा.

लाड. हा शबुद मी इतक्या लोकांच्या तोंडून ऐकला ना ताई, की आता लाडू म्हणलं तरी मला राग येतो. कोणते लाड? उलटा फ्रॉक घातलेली, खेळात कुणी न घेतलेली, सुकी भाकरी खाणारी पोरगी, तिचे लाड. जो तो आपल्यापुरतं बघायचा. वजनवाली वजन बघायची, हाडवाला हाड बघायचा, गुरुजी अक्षर बघायचे, देवर्षी तर बघतच नव्हता. अख्खी पोरगी एका जागी बसवून कुणी बघितली न्हाई. ह्ये मला आज बी डाचतं, जेवताना डाचतं.

मग दुष्काळ पडला. एक पावसाळा कोरडा गेला, धकवलं. दुसरा बी गेला. विहिरीत दगड दिसायला लागले, बोअर नुस्ती हवा टाकायला लागले. कुणी जनावरं इकली, कुणी चारा छावणीत नेऊन बांधली, आन् संस्थेचं दूध इतकं आटलं की टेंपोत कॅन रिकामेच एकमेकांवर आपटायचे. चेअरमनसाहेबांनी इचार केला, टेंपो उभा ठेवून काय उपेग, त्यावर प्लास्टिकच्या टाक्या बसवल्या, टाक्यांवर संस्थेचं आन् त्याच्या खाली सोताचं नाव ठळक रंगवलं, आन् लांबच्या एका विहिरीवरून गावाला पाणी सुरू केलं. दुधाचा ड्रायव्हर पाण्याचा ड्रायव्हर झाला. दुधाच्या रांगेत लोक बोलत उभे राहायचे, हसायचे. पाण्याच्या रांगेत कुणी कुणाचं नव्हतं.

आता तुमी म्हणाल पोरीच्या गोष्टीत दुष्काळ कावून आणला. ऐका तर. पाणी व्हतं तवा बी पोरगी सांडायची, पण पेला कलंडला तर पुसून काढा, घागर कलंडली तर दुसरी भरा, कुणाला त्याचं काय? पाणी संपलं आन् समद्या गावाला मपल्या पोरीचा हात दिसला. दुष्काळ नसता तर अजून बी कुणाला कळलं नसतं, असं मपलं मत हाय, आन् दुष्काळाचे आभार मानायची पाळी आली म्हणून मला अजून जास्त राग येतो.

पेल्यानं प्यायची तर निम्मं छातीवर. मग माय ओरडायची नीट धर, भाऊ ओरडायचा नीट धर, शारदा हळू म्हणायची नीट धर गं बाई, मी रस्त्यानं तापून आलेला, मी तर खेकसायचोच. त्या वर्षी आमच्या घरात देवाचं नाव कमी आन् नीट धर जास्ती ऐकू यायचं. पोरीनं मग पाणी पिणंच कमी केलं. ओठाला भेगा पडल्या. इचारलं तर म्हणायची, तहान न्हाई. एवढ्या उन्हात लेकराला तहान न्हाई म्हणजे काय, पण आमाला वाटलं बरं झालं, पोरीला पाण्याची किंमत कळली.

एक दिवस शारदेला ताप भरला व्हता. भाऊ दुकानाच्या मालाला गेलता. टँकर चावडीपुढं लावला, मी वर टाकीपाशी, खाली पाइपापुढं रांग. बघतो तर रांगेत गिरिजा, छोटी घागर घेऊन. आईनं न्हाई पाठवली, तिची तीच आलती. तिचा नंबर आला, घागर भरली, तिनं दोन्ही हातांनी छातीशी धरली आन् निघाली. अशी जपून चालत व्हती की मला वरनं तिचा श्वास कोंडलेला दिसत व्हता. समदी रांग बघायला लागली, कारण ती सांडती हे समद्या गावाला माहीत. आन् पाइपाला पाय लागला. घागर गेली, पोरगी गेली, पाणी फुफाट्यात गेलं.

मग एक बाई म्हणली, टँकरवाल्याच्या पोरीला काय, तिचा बाप घरी टाक्या भरत असंल. आन् मागनं एक जण म्हणला, पडली न्हाई बे, मुद्दाम टाकली, मी बघितलं. आवाज ऐकून शारदा तापातच उठून आलती. जिनं आयुष्यात लेकरावर हात उचलला न्हाई ती बाई रांगेच्या मधोमध आली आन् पोरीच्या कानाखाली अशी वाजवली की माझ्या हातातला टाकीचा कॉक सुटला. लोकांना दाखवायला मारलं तिनं, ताई. तुमी बाई हाव, तुमाला कळंल. घरच्या इज्जतीसाठी मारलं.

गिरिजा रडली न्हाई. ती खाली बसली आन् दोन्ही हातांनी तो चिखल घागरीत भरायला लागली. ज्या पोरीला वरण-भात बोटाला लागलेला चालत नव्हता, ती कोपरापातूर चिखलात हात घालून गाळ उचलत व्हती आन् ओकाऱ्या देत व्हती, पण थांबत नव्हती.

मपलं डोकं गेलं. मी कॉक बंद केला, खाली उडी टाकली आन् त्या मुद्दाम टाकली म्हणणाऱ्याची गचांडी धरली. म्हणलं आता कुणालाच पाणी न्हाई, जा, समदे तहानलेले मरा. निम्मी रांग रिकामी घागर घेऊन उभी, बाया शिव्या देत्यात, लेकरं रडत्यात. चूक का बरोबर ते तुमीच ठरवा, मी तर सांगतो त्या टायमाला मला पाणी पेटवून द्यावं वाटत व्हतं.

दुसऱ्या दिवशी चेअरमनसाहेबांनी आफिसात बोलावलं. संचालक बसलेले, चहा चाललेला. म्हणले, संस्थेची बदनामी झाली, लोक तापलेत, थोडे दिवस गाडी दुसऱ्याकडं दे. दिली चावी. मग संचालक उठून गेल्यावर जवळ बसवलं, पाठीवर हात ठेवला आन् म्हणले, पोरीला अपंगात बसव, दाखला मी काढून देतो, तिथं आपला माणूस हाय, तिचा सरकारी पगार सुरू होईल, कशाला जिवाला घोर. म्हणलं साहेब, तिला झालंय काय हेच कुणाला माहीत न्हाई, दाखला कशाचा काढता? त्यांचा चेहरा उतरला. म्हणले, मदत नको तर राहू दे. काय सांगू तुमाला, आमच्याकडं कुठल्याबी दुखण्यावर दोनच औषधं, एक देवर्ष्याचा अंगारा आन् दुसरी चेअरमनची सही.

पण गाडी काढून घेतली त्याचा एक फायदा झाला, मला आयुष्यात पहिल्यांदा फुरसत मिळाली. घरी बसलं की डोकं भणभणतंच. तिसऱ्या का चौथ्या दिवशी मी पोरीला उचललं आन् एसटीनं बाहेरगावच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, कोणता ते लिहू नका. माय दारात आडवी आली, म्हणली पोरीची जात, गावोगावच्या दवाखान्यात फिरवशील तर पुढं तिला करून कोण घेईल. आपलं ठेवायचं झाकून, असंच चाललंय समदं. म्हणलं माय, बाजूला हो.

तिथं लेकरांच्या खोलीत एक तरुण डॉक्टर, डोळे तांबारलेले, रात्रभर निजला नसंल. मी नेहमीसारखं सुरू केलं, पडती, सांडती, ऐकत न्हाई. त्यानं मला हातानं थांबवलं आन् पोरीशीच बोलायला लागला. सोताच्या सदऱ्याचं बटन काढून लाव म्हणला. एका पायावर उभी राहा. दोन्ही पायांनी उडी मार. डोळे मिटून नाकाला बोट लाव. मग मला इचारलं, आंघोळीला रडती का? केस विंचरू देती का? कपड्याची शिवण टोचती म्हणती का? कुठल्या अडचणीच्या जागी चेपून बसती का? ताई, मी खुर्चीवरनं उठलो. म्हणलं तुमाला कुणी सांगितलं? त्याला हसू आलं. म्हणला कुणी न्हाई, अशी लेकरं असतात. ही आळशी न्हाई आन् हट्टी बी न्हाई. पलीकडच्या इमारतीत जा, ऑक्युपेशनल थेरपीच्या मॅडम आहेत, अशा लेकरांना रोजची कामं करायला शिकवतात, त्यांना दाखवा.

ऑक्युपेशनल थेरपी. एवढी गाडी फिरवली, एवढे बोर्ड वाचले, हे नाव मी कुठं वाचलं नव्हतं. मॅडमनी पोरीला दुपारपातूर खेळवलं. मणी ओवायला दिले, कणीक दिली, झोक्यावर बसवलं, झोका हलला की पोरगी किंचाळली. मग मला समजावून सांगितलं. म्हणल्या, तिच्या अंगाला स्पर्श जास्त लागतो, आन् हातापायाला किती जोर लावायचा याचा अंदाज येत न्हाई, म्हणून पेन्शिल मोडती आन् पेला निसटतो. हुशारीचा याच्याशी संबंध न्हाई. मी इचारलं, आमी अडाणी माणसांनी हे वळखायचं कसं, लेकरं तर समदीच सांडत्यात. तर म्हणल्या, बरोबर, एका गोष्टीवरून न्हाई वळखायचं. समदी लेकरं सांडतात, समदी विंचरताना रडतात. पण संगतीची लेकरं पुढं गेली आन् आपलं तिथंच, आन् खाणं, कपडे घालणं, खेळणं, शाळा, त्याची रोजची कामंच अडायला लागली, रागावून, मारून काही फरक पडंना, तर मग वाट बघायची न्हाई, दाखवायचं. दाखवून काही निघालं न्हाई तर पेढे वाटा, पण मोठी झाल्यावर होईल म्हणून बसायचं न्हाई.

मी इचारलं, ही तिसऱ्या-चौथ्या वर्षी आली असती तर? मॅडम म्हणल्या, सोपं गेलं असतं, पण उशीर झालेला न्हाई. चांगल्या बाई, मला बरं वाटावं म्हणून दुसरं वाक्य बोलल्या, पण मला पहिलंच ऐकू आलं. तवापासनं माझ्या डोक्यात हाय, एवढी साधी गोष्ट, ही अंगणवाडीच्या भिंतीवर कावून लिहीत न्हाईत? आमच्या अंगणवाडीच्या भिंतीवर चेअरमनसाहेबांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा रंगवल्यात, दरसाल नवा रंग मारत्यात. तेवढ्याच जागंत चार ओळी बसल्या असत्या.

मग गाडी परत मिळाली, मपल्या प्रेमानं न्हाई, नव्या ड्रायव्हरला त्या विहिरीचा उतार जमंना म्हणून. आठवड्याला एक दिवस सुट्टी मागितली तर म्हणले पाण्याला कसली सुट्टी. मग शारदा जायला लागली. वडवणी आन् आमचं गाव सोडून तिसरं गाव एकटीनं न बघितलेली बाई, दर आठवड्याला पोरीला घेऊन दोन गाड्या बदलून जायची. त्या थापडीचं तिनं कधी नाव काढलं न्हाई, मी बी काढलं न्हाई. पण मॅडमनी जे सांगितलं ते तिनं एक दिवस चुकवलं न्हाई. आधी कोरड्या पिठात हात, मग जरा ओलं, मग सैल कणीक. ओलं फडकं पिळायचं, दोरीवरचे चिमटे काढायचे, ज्वारीची छोटी थैली उचलून खोलीतून खोलीत न्यायची, लिंबाला पोत्याचा झोका, रोज जरा जरा. पेन्शिलीला चिंधी गुंडाळून जाड करायची. पाणी प्यायला दोन कानांचा मग.

गाव हसायला मोकळंच. म्हणायचे गोळी न्हाई, सुई न्हाई, झोका खेळायला दोन एसट्या बदलून जात्यात. माय म्हणायची चिमटे काढायला काय मॅडम लागती. गुरुजींना सांगितलं, तिला लिहायला जरा टाइम जास्ती द्या, निम्मं तोंडी घ्या, तर म्हणले मग बाकीची पोरं बी मागतील. म्हणलं द्या त्यांना बी, तुमच्या खिशातून जातंय का. दुष्काळात तेरावा महिना म्हणत्यात तसं, आधी पोरीचं दुखणं आन् वरून ह्या लोकांना समजावत फिरायचं. गुरुजी शेवटी निम्मं कबूल झाले. त्या निम्म्यावर पोरगी पास झाली.

आता पाऊस बरा हाय, टाक्या काढल्या, टेंपोत परत दूध आलं. गिरिजा हायस्कुलात जाती. अक्षर वाकडंच हाय पण वाचता येतं. बटनं लावती, टाइम लागतो. वरण-भात चमच्यानं खाती, बाया नाकं मुरडत्यात, मुरडू द्या. केस बारीक कापलेत. अजून पडती बी, मॅडमनी आधीच सांगितलं व्हतं समदं जाणार न्हाई. पण पाणी पिती, ताई, तहान लागली की उठून पिती.

आन् मला वाटलं व्हतं की आता गाव शहाणं झालं असंल. कशाचं. ह्या महिन्यातलीच गोष्ट, डेरीवर एक तरणा गडी रोज दूध घालायला येतो, संग लेकरू, चार-पाच वर्षांचं. लेकरू टाचा उचलून चालतं, यंत्र सुरू झालं की कान दाबून धरतं, सदऱ्याची बटनं कायम उघडी. मी दोन दिवस बघितलं, तिसऱ्या दिवशी बापाला बाजूला घेतलं, समदं नीट सांगितलं, दवाखाना सांगितला, मॅडमचं नाव सांगितलं. तो भडकला. म्हणला तुमची पोरगी तशी म्हणून तुमाला समद्यांचीच लेकरं तशी दिसत्यात का, आमचं लाडावलंय, दुसरं काय न्हाई. लाडावलंय. पालथ्या घड्यावर पाणी. मी घरी आलो आन् चपला काढायच्या आधीच बोलायला लागलो, ह्या गावाला कधी अक्कल यायची न्हाई, ज्याचं जळतं त्यालाच कळतं, मी आता कुणाला काही सांगणार न्हाई.

गिरिजा अभ्यास करत व्हती. वर न बघता म्हणली, बाबा, तुमी त्याच्या बापाला कावून सांगता, त्याला सांगा. म्हणलं कुणाला, लेकराला? एवढ्याशा लेकराला काय कळतंय?

मग तिनं पेन्शिल खाली ठेवली. म्हणली, मला वाटायचं समद्यांनाच असं होतं. समद्यांना कपडे टोचत्यात, समद्यांचा पेला असाच निसटतो, तरी बाकीचे रडत न्हाईत, सांडत न्हाईत, म्हंजी मीच वाईट हाय. तुमी समदे नीट धर म्हणायचे, आन् मी नीटच धरलेलं असायचं बाबा. तुला जड जातंय का, असं कुणी इचारलंच न्हाई.

शारदा चुलीपाशी व्हती, तिनं पदर तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी ते लेकरू आलं. बाप दूध मोजून घेत व्हता, त्याचं ध्यान काट्याकडं. मी लेकरापुढं उकिडवा बसलो. म्हणलं लेकरा, ही बटनं लई अवघड असत्यात, व्हय ना? त्यानं मपल्याकडं बघितलं. लई वेळ बघितलं. मग मान हलवली, व्हय म्हणून. बापाला ह्यातलं काही दिसलं न्हाई, आन् तो त्याला दवाखान्यात नेईल का न्हाई हे बी मला माहीत न्हाई. मी रोज त्याला इचारतो तेवढं मातर, आज काय अवघड गेलं रं.

लिहा ताई, असंच लिहा, मपला राग काढून टाकू नका. आन् तुमच्या घरी लेकरू असंल तर देव त्याला उदंड आयुष्य देवो, आन् तुमाला त्याच्याकडं बघायला फुरसत.